काळवंडलेल्या हातरेघा आणि मामाची गोष्ट: तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी सांगली-मिरज भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला इथे ‘थोरला’ म्हणतो, त्याच्या भावाला ‘धाकटा’.

घर तासगाव तालुक्यातलं. दीड एकर द्राक्षबाग, त्यावर सोसायटीचं कर्ज, आणि मुलं तीन: अकरा वर्षांची बहीण, सात वर्षांचा थोरला, चार वर्षांचा धाकटा. आईचं माहेर जतकडचं. लग्न नात्यातलं नाही. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मे महिन्यात आई थोरल्याला घेऊन आली. खरड छाटणी उरकली होती आणि शाळेला सुट्टी, त्यामुळे पोरं दिवसभर बागेत. आई म्हणाली, “डॉक्टर, हे पोरगं लईच काळं पडाय लागलंय. बहीण बी ह्याच्याबरोबरच उन्हात असती, तिला न्हाय असं झालं.” जेवण कमी झालंय, खेळताना मध्येच बसतो, आणि लोणच्याच्या बरणीतला खार चमच्याने पितो, असंही तिने सांगितलं.

मी केसपेपरवर ‘उन्हाने रापलेली त्वचा, भूक कमी’ असं लिहिलं. जंताचं औषध आणि लोहाचं सिरप दिलं. तिने एकाच उन्हातल्या दोन मुलांची तुलना करून माझ्यापुढे ठेवली होती, आणि ते निरीक्षण माझ्या तपासणीपेक्षा सरस होतं. मी त्याचं तोंड उघडून हिरड्या पाहिल्या नाहीत, तळहात उजेडात धरले नाहीत, रक्तदाब घेतला नाही.

समस्या

भाद्रपदात, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावात रथ ओढतात. थोरला वडिलांच्या खांद्यावर बसून तो पाहून आला आणि रात्री त्याला साधा सर्दीचा ताप चढला. बहिणीलाही तोच ताप होता, ती दोन दिवसांत बरी झाली. थोरला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या करू लागला, संध्याकाळी हाक मारली तर डोळे उघडेना. गावातल्या डॉक्टरांनी सलाइन लावून रात्रीच माझ्याकडे पाठवलं, आणि त्यांनी वेळ घालवला नाही म्हणूनच तो पोचला.

वजन 17 किलो. हातपाय गार, नाडी लागेल न लागेल अशी. रक्तातली साखर 44. सोडियम 121, पोटॅशियम 6.2. उलट्या-जुलाबाच्या मुलात सोडियम घसरतं, पण तेव्हा पोटॅशियमही सहसा घसरतं. इथे एक खाली आणि दुसरं वर होतं. मूत्रपिंडं नीट चालत असताना असं दिसलं की अधिवृक्क, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विचार करायचाच, हे आम्हाला शिकवलेलं असतं.

मग मी टॉर्च लावून तोंड पाहिलं. हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला जांभळट-काळे डाग. तळहाताच्या रेघा कुणी शाईने आखल्यासारख्या. बोटांच्या पेरांवरची कातडी काळी, दंडावरची बीसीजीच्या लसीची खूणही काळी. ऊन हिरड्यांवर पडत नाही.

त्या रात्रीचा पहिला निर्णय साधा पण घाईचा होता. ही ग्रंथी बनवते त्या कॉर्टिसॉलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आधी द्यायचं की रक्त आधी घ्यायचं? इंजेक्शन गेलं की कॉर्टिसॉलच्या चाचणीला अर्थ उरत नाही, आणि थांबलं तर मूल जातं. सलाइनसाठी शीर सापडलीच होती. त्याच सुईतून दोन नळ्या रक्त काढलं, एसीटीएच, म्हणजे या ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, मोजायची जांभळ्या झाकणाची नळी बर्फात ठेवली, आणि लगेच 50 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, सलाइन आणि ग्लुकोज सुरू केलं. निकालाची वाट पाहिली नाही. पहाटे चारला त्याने पाणी मागितलं.

निकाल आले. इतक्या ताणात कॉर्टिसॉल भरपूर वाढायला हवं, ते 1.6 होतं. एसीटीएच यंत्राच्या मोजमापाच्या वरच्या टोकाच्याही पलीकडे. म्हणजे मेंदूतली पियुषिका ग्रंथी जिवाच्या आकांताने हुकूम सोडत होती आणि मूत्रपिंडावर बसलेली अधिवृक्क ग्रंथी तो पाळू शकत नव्हती. त्वचा काळी पडते ती याच हुकमामुळे. एसीटीएच खूप वाढलं की ते त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. 1855 साली थॉमस अ‍ॅडिसन यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, तो हाच.

पर्याय

दहा दिवसांनी घरी सोडताना मूल टवटवीत होतं. हायड्रोकॉर्टिसोनची 5 मिलिग्रॅमची अर्धी गोळी दिवसातून तीनदा, आणि मीठ धरून ठेवणाऱ्या फ्लुड्रोकॉर्टिसोनची एक गोळी. आता प्रश्न होता, ग्रंथी बंद का पडली?

क्षयरोग आपल्याकडे जुना संशयित, म्हणून छातीचा फोटो, मॅन्टूची कातडीवरची चाचणी आणि पोटाची सोनोग्राफी केली. काही निघालं नाही. स्टेरॉइड संप्रेरकं बनवणाऱ्या एखाद्या विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये, जन्मजात खोट असू शकते. त्यात सगळ्यात जास्त आढळणारी खोट 21-हायड्रॉक्सिलेझ या एन्झाइमची. पण ती तीव्र असेल तर मीठ वाहून जाण्याचा झटका जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच येतो, आणि तिच्यात वाढणारं 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन इथे वाढलेलं नव्हतं. उरल्या दोन गोष्टी: शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला, म्हणजे ऑटोइम्यून कारण, किंवा अतिलांब मेदाम्लांचा (फॅटी अ‍ॅसिडचा) आजार, अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, जो मेंदूलाही गाठू शकतो. आम्ही त्याला एएलडी म्हणतो.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पुण्याला अंतःस्रावतज्ज्ञांकडे पाठवायचं. इथूनच मेदाम्लांच्या तपासणीसाठी रक्त बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेला पाठवायचं. किंवा गोळ्या चालू ठेवून वाट पाहायची.

वडिलांनी विचारलं, “त्या तपासणीनं औषध बदलणार हाय का?” मी म्हणालो, गोळ्या त्याच राहतील. “मग पुढच्या खेपेला बघू की. आत्ता छाटणीला मजूर लावायचेत.” तपासणी काही हजारांची होती. आमच्या भागात आनुवंशिक आजार म्हटलं की डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, ‘नात्यात लग्न झालंय का?’ मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी लग्नं इथे होतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. उत्तर ‘नाही’ आलं आणि माझ्या मनातली आनुवंशिकतेची फाइल मिटली. मी तिसरी वाट धरली.

हा या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय. तपासणीने गोळ्या बदलणार नाहीत हे खरं होतं. पण ती तपासणी गोळ्यांसाठी नव्हतीच, मेंदूसाठी होती. वडिलांना हे कळायला मार्ग नव्हता, मला होता. आणि जो आजार आईकडून मुलग्याकडे येतो, तिथे नात्यातल्या लग्नाचा प्रश्न काहीच सांगत नाही. तिथे मामाबद्दल विचारायचं असतं.

ग्रंथी आणि मेंदू, दोन्हीकडे एकच खोट कशी?

आपल्या पेशी मेदाम्लं जाळून ऊर्जा मिळवतात. बहुतेक मेदाम्लांच्या साखळीत 16 किंवा 18 कार्बन असतात, आणि ती तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत (मायटोकॉन्ड्रियात), जळतात. 22 किंवा त्याहून जास्त कार्बनची अतिलांब साखळी मात्र आधी पेरॉक्सिझोम नावाच्या छोट्या कोठीत जाऊन आखूड व्हावी लागते. तिथे अ‍ॅसिल-कोए ऑक्सिडेझपासून सुरू होणारी विकरांची फळी तिचे दोन-दोन कार्बन कापते.

एएलडीत ही कापणारी फळी शाबूत असते. बिघडलेलं असतं कोठीचं दार. एक्स गुणसूत्रावरच्या एबीसीडी-1 या जनुकापासून बनणारं प्रथिन या लांब साखळ्यांना आत घेतं. ते नसलं की माल दारातच अडून राहतो, आणि बाहेर दुसरी विकरं साखळी आणखी लांबवतच राहतात. रक्तात 26 कार्बनचं मेदाम्ल साचतं. गंमत नाही, पण शिकण्यासारखी गोष्ट अशी की 1993 साली हे जनुक सापडेपर्यंत अभ्यासकांचा संशय एका विकरावरच होता. सापडलं ते वाहतूक करणारं प्रथिन.

अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते कोलेस्टेरॉलपासून. कोलेस्टेरॉल मेदाम्लाला जोडून साठवलेलं असतं. गरज पडली की एक विकर ती जोडणी तोडतं, मोकळं कोलेस्टेरॉल तंतुकणिकेत जातं, तिथे पहिलं विकर त्याची बाजूची साखळी छाटून प्रेग्नेनोलोन बनवतं, आणि पुढे एकेक विकर हात फिरवत कॉर्टिसॉलपर्यंत नेतं. साठ्यातलं कोलेस्टेरॉल 26 कार्बनच्या मेदाम्लाला जोडलेलं असेल तर जोडणी तोडणाऱ्या विकराला ते नीट सुटत नाही. कच्चा माल घरात भरपूर, पण कुलपात. शिवाय ही मेदाम्लं पेशींना घातकही ठरतात, आणि ग्रंथी हळूहळू मरते. मेंदूत त्याच मेदाम्लांमुळे मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कमकुवत होतं, आणि काही मुलांत तिथे दाह पेट घेतो. त्यानंतर मूल महिन्यांच्या हिशोबात घसरतं.

एएलडीच्या मुलग्यांपैकी सुमारे एकतृतीयांश किंवा थोड्या जास्त जणांत हा मेंदूचा दाह बालवयात येतो, बहुधा चार ते दहा वर्षांच्या दरम्यान. कुणात येईल हे जनुकाच्या अहवालावरून ओळखता येत नाही. एकाच आईच्या दोन मुलांत दोन तऱ्हा दिसतात. हायड्रोकॉर्टिसोन ग्रंथीचं काम भागवतं, पण मेंदूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

आजी आली तेव्हा

जानेवारीत थोरला तपासणीला आला. रंग उजळला होता, वजन तीन किलोने वाढलं होतं. या वेळी सोबत आईची आई होती, जतहून आलेली. मी समाधानाने चिठ्ठी लिहीत होतो. आजी नातवाच्या हाताकडे बघत म्हणाली, “माझा थोरला पोरगा बी असाच काळा पडला हुता. मग त्याला दिसंना, मग बोलंना. देवऋषी म्हणला बाहेरची बाधा हाय. नवव्या वर्षी गेला.”

मी पेन खाली ठेवलं. मुलाच्या आईला हे माहीत होतं, पण ती तेव्हा लहान होती, आणि कुणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. आजीला आणखी एक मुलगा आहे, 34 वर्षांचा. गेली चार वर्षं काठी घेऊन चालतो, पाय ताठरले आहेत, लघवी आवरत नाही. मणक्याची दोन एमआरआय झाली, ‘विशेष काही नाही’ म्हणून परत आला. आजी उठून निघाली तेव्हा मी तिच्या चपलांकडे पाहिलं. दोन्हींच्या पुढच्या कडा झिजून पातळ झाल्या होत्या. पाय उचलला जात नाही, जमिनीला घासत जातो. ती म्हणाली, “वात हाय, डॉक्टर. वयाचा.”

एका घरात मूलपणी गेलेला मामा, पाय आखडलेला दुसरा मामा, पाय घासणारी आजी आणि कॉर्टिसॉल नसलेला नातू. एएलडीची जवळजवळ सगळी रूपं माझ्यासमोर होती. त्या आठवड्यात शाळेतल्या बाईंना मी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, दिवाळीनंतर पाठ्यपुस्तकातली ओळ हरवतो, फळ्यावरचं उतरवताना मध्येच थांबतो. त्यांना वाटलं होतं, आजारातून उठलाय, होईल हळूहळू.

केलेल्या गोष्टी

थोरल्याचं आणि धाकट्याचं उपाशीपोटी रक्त मेदाम्लांसाठी गेलं. एमआरआयला निकालाची वाट पाहिली नाही, त्याच आठवड्यात केलं. मेंदूच्या मागच्या भागात, दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या शेवटाला, पांढऱ्या द्रव्यात पांढुरका डाग होता आणि औषध टोचल्यावर त्याची कड उजळली. म्हणजे दाह चालू होता. या बदलांना 0 ते 34 असा लोएस गुण देतात, जितका जास्त तितका बिघाड मोठा. थोरल्याचा गुण 4 आला. बारा दिवसांनी अहवाल आला: दोन्ही मुलग्यांत 26 कार्बनचं मेदाम्ल ठळक वाढलेलं. पुढे जनुकतपासणीने खात्री झाली, आणि आई वाहक असल्याचंही कळलं. बायकांमध्ये रक्तातली मेदाम्लं कधीकधी नेहमीसारखी येतात, म्हणून तिच्या बाबतीत जनुकच पाहणं भाग होतं.

गुण 9 च्या आत असताना आणि मूल चालतं-बोलतं असताना मूलपेशी (स्टेम सेल) प्रत्यारोपण केलं तर दाह थांबण्याची चांगली शक्यता असते. उशीर झाल्यावर तोच उपचार मुलाला वाचवत नाही, उलट लवकर नेऊ शकतो. अमेरिकेत 2022 मध्ये मंजूर झालेली जनुकीय उपचारपद्धती आहे, पण तिच्यानंतर काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं आढळलं आहे, आणि या कुटुंबाच्या आवाक्यात ती कुठल्याच अर्थाने नव्हती.

बसून ठरवायचं होतं. वडिलांचा प्रश्न पुन्हा सरळ होता. “हसतंय, खेळतंय पोरगं. त्याला मरणाच्या उपचारात घालायचं?” मी एमआरआयची फिल्म खिडकीला लावून तो डाग दाखवला आणि आजीला तिच्या मुलाचे शेवटचे सहा महिने सांगायला लावले. हे कठोर होतं. आजी रडली. दुसरा मार्ग मला तेव्हा सुचला नाही, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं.

पैशाचा प्रश्न दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणामुळे काही अंशी सुटला. त्याच्या पहिल्या गटात, एकदाच केलेल्या उपचाराने आटोक्यात येणाऱ्या आजारांत, सुरुवातीच्या टप्प्यातली एएलडी नावानिशी आहे. 2022 पासून नेमून दिलेल्या केंद्रांमार्फत 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम हे त्यांपैकी एक. कागद जमवण्यात सात आठवडे गेले. उरलेला भार नातेवाइकांनी आणि गावाने उचलला.

दाता कोण? धाकटा बाद, त्याच्यातही तीच खोट. बहीण जुळली नाही. ती वाहक आहे का, हे आम्ही तपासलं नाही. ते तिचं तिने मोठी झाल्यावर ठरवायचं आहे. वडील अर्धे जुळत होते, आणि त्यांच्यात ही खोट असण्याचा प्रश्न नव्हता. मे महिन्यात, पहिल्या भेटीला बरोबर वर्ष होत असताना, मुंबईत वडिलांच्या मूलपेशी थोरल्याला दिल्या.

परिणाम

चार महिने तो मुंबईत होता. दोनदा जंतुसंसर्ग झाला, एकदा अतिदक्षता विभागात जावं लागलं. प्रत्यारोपणानंतर सुरुवातीचे काही महिने एमआरआय बिघडतच जातो, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून कुटुंब डगमगलं नाही. गुण 4 वरून 8 वर गेला आणि तिथे थांबला. कडेची उजळी विझली. गेले दीड वर्ष चित्र तेच आहे. थोरला चालतो, बोलतो, वाचतो. उजवीकडच्या वस्तू त्याला उशिरा दिसतात, गर्दीच्या चित्रातून एखादी गोष्ट शोधता येत नाही, आणि शाळेत एक वर्ष मागे बसवलं आहे. हायड्रोकॉर्टिसोन आयुष्यभर राहील. प्रत्यारोपणाने ग्रंथी परत येत नाही.

धाकट्याचं सकाळचं एसीटीएच वाढलेलं निघालं, तेव्हा त्याच्या अंगावर एकही खूण नव्हती. त्याला गोळ्या सुरू केल्या, त्यामुळे भावासारखी रात्र त्याच्यावर आली नाही. दर सहा महिन्यांनी एमआरआय, आत्तापर्यंत चारही स्वच्छ. मामाच्याही ग्रंथी मंद निघाल्या. ‘बीपी लो’ म्हणून तो वर्षानुवर्षं ग्लुकोज पीत होता. गोळ्यांनी पाय सुटले नाहीत, पण अंगात ताकद आली.

घरात एक डबा आहे. त्यात हायड्रोकॉर्टिसोनची कुपी, सुई आणि मराठीत लिहिलेला कागद: ताप आला की गोळी दुप्पट-तिप्पट, उलटी झाली की इंजेक्शन, मग दवाखाना. आई मोसंबीवर टोचायला शिकली. असाच एक डबा शाळेत बाईंच्या कपाटात आहे. शेजारच्या कुणीतरी ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असं सांगून गोळ्या बंद करायला लावल्या होत्या, एक दिवसच, पण तो दिवस धोक्याचा होता. शरीर जे स्वतः बनवायचं तेवढंच आपण बाहेरून देतो आहोत, हे आता आई दुसऱ्यांना समजावते.

काय वेगळं करता आलं असतं

मे महिन्यात रक्तदाब आणि हिरड्या पाहिल्या असत्या तर भाद्रपदातली रात्र टळली असती. पण माझ्या मनाला जास्त लागतं ते सप्टेंबर ते जानेवारी. जीव वाचलेलं, गोरं होत चाललेलं मूल समोर बसलं की डॉक्टरला वाटतं निदान झालं. ‘अ‍ॅडिसन’ हे ग्रंथी बंद पडल्याचं नाव आहे, कारणाचं नाही. आता माझ्याकडे कारण न सापडलेला अधिवृक्क ग्रंथीचा मुलगा आला की मेदाम्लांचं रक्त दवाखान्यातून घरी जाण्याआधी निघतं. पैसे नसतील तर त्याची सोय आधी करतो, वाट पाहत नाही. डिसेंबरपूर्वीचा एमआरआय कदाचित गुण 1 दाखवता, कदाचित 0. त्या चार महिन्यांत काय गेलं ते मोजता येत नाही, पण उजवीकडे ठेवलेला पेला थोरला चाचपडत शोधतो तेव्हा मला ते दिसतं.

वंशावळ आता मी आईच्या बाजूने सुरू करतो: मामा किती, कुणी लहानपणी गेला का, कुणाचे पाय ताठ आहेत का. आणि शक्य असेल तर आजीला बोलावून घेतो.

एक काम राहिलं आहे. मुलांच्या आईची बहीण जतजवळच्या गावात दिलेली आहे, तिला तीन वर्षांचा मुलगा. सासरी कळेल म्हणून ती तपासणीला तयार नव्हती. मागच्या आठवड्यात तिने बहिणीच्या फोनवर मुलाच्या तळहातांचा फोटो पाठवला, आणि आई तो मला दाखवायला आली. पिवळ्या बल्बच्या उजेडातला फोटो, त्यावरून काही सांगता येत नाही. येत्या रविवारी ही बहीण मुलाला घेऊन सांगलीला येईन म्हणाली आहे. दोन नळ्या आणि बर्फाचा डबा मी टेबलावर काढून ठेवला आहे.